घरचा कॉम्प्युटर केव्हा बदलावा?
घाईचाही तोटा, दिरंगाईचाही तोटा

निजामाच्या राजवटीत बीडच्या बाजारात हाली सिक्का चालत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, पण हाली रुपया त्या दिवशी बंद पडला नाही. तो १९५९ पर्यंत कलदार रुपयाच्या सोबतीने चालत राहिला. ७ हालीचे ६ कलदार, असा भाव होता. वडील सांगत की त्या काळात दोन प्रकारचे व्यापारी बुडाले. एक, बाजारात उठलेली आवई ऐकून मिळेल त्या बट्ट्याने हाली देऊन मोकळे होणारे. आणि दुसरे, ‘बघू पुढे’ म्हणत अखेरच्या दिवसापर्यंत तो गल्ल्यात साठवून ठेवणारे. ज्याने मुदत कोणती, ती कोणी ठरविली आणि ती खरोखर केव्हा संपते एवढे विचारून घेतले, त्याचे काही गेले नाही.

आज हीच वेळ आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. त्याच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली सर्व जुन्या मशिनींवर बसत नाही. त्यामुळे कापडवाले, किराणावाले, टेलर मास्टर, लग्नपत्रिका छापणारे, अशा अनेकांना एकच सल्ला मिळाला: “हे मशीन आता भंगार झाले, नवे घ्या.” हा सल्ला काहींच्या बाबतीत खरा आहे, पण सर्वांच्या बाबतीत नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे स्वतः तपासता आले पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलो. शाळा सुटेपर्यंत कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. जे शिकलो ते पैसे घालवून शिकलो, म्हणून ते येथे मांडत आहे.

सुई तीच, पण बसत नाही

कॉम्प्युटरमध्ये ‘स्टँडर्ड बदलले’ म्हणजे काय, हे शिलाई काम करणाऱ्या बांधवांना चटकन समजेल. घरगुती मशीनच्या सुईच्या दांडीची एक बाजू चपटी असते, तर कारखान्यातल्या जलद मशीनच्या सुईची दांडी गोल असते. दोन्ही सुया चांगल्या, दोन्ही कपडाच शिवतात; पण एकीची सुई दुसरीला लागत नाही.

कॉम्प्युटरच्या रॅमचे अगदी असेच आहे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या तिच्या तीन जाती सध्या पाहायला मिळतात. प्रत्येकीच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एका जातीची पट्टी दुसऱ्या जातीच्या मदरबोर्डमध्ये शिरतच नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिचेही तेच. कधी कधी तर खोबण सारखी असूनही काम होत नाही. इंटेलच्या सहाव्या आणि आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसायला एकाच मापाच्या खोबणीत बसतो, पण सहाव्या पिढीसाठी बनविलेला मदरबोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर चालवत नाही.

म्हणून ‘कॉम्प्युटर जुना झाला’ हे वाक्य ऐकले की विचारावे, कशाने जुना झाला? तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. मशीन संथ झाले, ही एक गोष्ट. त्याच्या जातीचा सुटा भाग मिळेनासा झाला, ही दुसरी. आणि त्यावरील प्रणालीचा आधार कंपनीने बंद केला, ही तिसरी. पहिलीवर स्वस्तात इलाज होतो. दुसरीत थोडे थांबता येते. तिसरीला मात्र तारीख असते.

घाईची चूक

१९९९ साली ‘२००० सालचा घोटाळा’ म्हणून मोठी चर्चा होती. जुन्या कॉम्प्युटरमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असत, त्यामुळे ३१ डिसेंबरच्या रात्री सगळे हिशेब उलटेपालटे होतील, असे सांगितले जाई. मोठ्या बँका आणि कंपन्या यांच्यासाठी ती चिंता खरी होती व त्यांनी त्यावर भरपूर काम केले. माझ्याकडे मात्र दुकानाचा साधा हिशेब ठेवणारे एक जुने ४८६ मशीन होते. एका विक्रेत्याने सांगितले, हे चालणार नाही. मी घाबरून सुमारे ४० हजार रुपये मोजून पेंटियम-२ घेतले. त्यात प्रोसेसर उभ्या पट्टीसारखा लांब फटीत बसत असे. विक्रेता म्हणाला, “सेठ, पुढे फक्त ही पट्टी बदलायची, बाकी मशीन आयुष्यभर तेच.”

इंटेलने ती लांब फट १९९७ साली आणली होती. दोन-तीन वर्षांतच कंपनी पुन्हा सपाट खोबणीकडे वळली. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम-४ आला तो वेगळ्याच खोबणीसह. माझी ‘पुढे बदलायची पट्टी’ कधीच बदलली गेली नाही. आणि ते जुने ४८६? ते मी भाच्याला दिले होते. १ जानेवारी २००० रोजी त्याने ते सुरू केले, तर तारीख १९८० ची दिसली. त्याने ती हाताने दुरुस्त केली आणि मशीन पुढे दोन वर्षे चालले.

यातून दोन धडे मिळाले. पहिला, आवईवर खरेदी करू नये. आपल्या कामाला काय अडते ते आधी पाहावे. दुसरा, ‘पुढे वाढविता येईल’ या आश्वासनासाठी आज जादा पैसे देऊ नयेत. पुढच्या हंगामात चालेल म्हणून आजच ताग्यांचा ढीग भरणाऱ्या दुकानदारासारखे ते आहे. हंगाम येतो तोवर पन्हा बदललेला असतो.

दिरंगाईची चूक

पहिल्या फटक्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढचे मशीन नऊ वर्षे ओढले. शेवटच्या वर्षी हार्ड डिस्क टकटक असा आवाज करू लागली. सुरू व्हायला पाव तास लागे. मुलगी म्हणाली, “अब्बा, हे दाखवून घ्या.” मी म्हणालो, लग्नसराई होऊ दे.

मे २०१६ मध्ये एके सकाळी ते सुरूच झाले नाही. आपल्या जिल्ह्याचा व्यापार ज्यांना ठाऊक आहे त्यांना मे महिना म्हणजे काय ते सांगायला नको. ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. मधल्या काळात घरी राहिलेली म्हातारी माणसे, लेकरे, लग्नाची घरे यांचा कपडा उधारीवर जातो. कारखान्याचा हिशेब झाला की ती उधारी चुकते. त्या डिस्कमध्ये चार महिन्यांची उधारी होती. मी रोज बॅकअप घेत होतो, याचा मला अभिमान होता. पण तो घेत होतो डी ड्राइव्हमध्ये. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, तिजोरी गेली की दोन्ही कप्पे जातात, हे त्या सकाळी कळले.

बरेच लोक स्वतः आले. “भाई, माझे एवढे राहिले होते,” असे सांगून पैसे देऊन गेले. अंगठा उठविणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने पदराच्या गाठीतून रक्कम काढून मोजून दिली. काही आले नाहीत. कदाचित विसरले असतील. एकूण किती बुडाले हे मला आजही सांगता येत नाही, कारण एकूण किती होते हेच सांगता येत नाही. नवी डिस्क आणि बॅकअपची एक वेगळी डिस्क, दोन्ही मिळून जो खर्च आला असता, तो या नुकसानीपुढे काहीच नव्हता.

तारखेला महत्त्व का?

विंडोजचा आधार थांबला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो कालच्यासारखाच सुरू होतो, म्हणूनच माणूस फसतो. थांबते ते एवढेच, की प्रणालीत नवे छिद्र सापडले तर ते बुजविणारी दुरुस्ती येत नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरमधील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांची कामे त्यामुळे अडली. ज्या छिद्रातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, त्यांचे कॉम्प्युटर सापडले.

दुसरे असे की एक दार बंद झाले की हळूहळू इतर दारेही लागतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ पासून क्रोम ब्राउझरनेही विंडोज ७ साठी नवी आवृत्ती देणे थांबविले. जुलै २०१७ पासून आपला सर्व जीएसटी ब्राउझरमधूनच भरला जातो. बँकही त्यातच आहे. म्हणजे तारखेनंतर काही काळ मिळतो, पण तो अमर्याद नसतो.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे साठविण्यास मान्यता दिली, तर पैसे न देताही ती घेता येते. ही मुदत विचार करायला दिलेली आहे, झोपायला नव्हे.

आधी पिढी ओळखा

विंडोज ११ साठी मुख्य अटी अशा आहेत: निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून पुढे, असे ढोबळमानाने समजावे.

पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय-५’ एवढे ऐकून समाधान मानू नये. आय-५ दुसऱ्या पिढीतही आहे आणि बाराव्यातही. त्याच्या पुढचा आकडा पाहावा. आय-५ ३४७० असेल तर पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. ८५०० असेल तर आठवी. १२४०० असा पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे घ्यावेत, म्हणजे बारावी. जुने मशीन विकणारा बहुधा ‘आय-५ आहे’ एवढेच सांगतो. पिढी आपण विचारायची आणि पडद्यावर पाहून खात्री करायची.

टीपीएम तपासण्यासाठी कीबोर्डवरील विंडोजचे बटन आणि आर हे अक्षर एकत्र दाबावे. जी चौकट उघडते तीत इंग्रजीत टी-पी-एम, टिंब, एम-एस-सी असे टाइप करून एंटर करावे. तयार असल्याचा संदेश आला तर आवृत्ती २.० आहे का ते पाहावे. ‘सापडत नाही’ असे आले तरी लगेच निराश होऊ नये. माझ्या ओळखीच्या एका टेलर मास्टरचे असेच झाले. त्यांना सांगण्यात आले की मशीनमध्ये टीपीएम नाही, ३० हजारांचे नवे घ्या. त्यांचा प्रोसेसर नवव्या पिढीचा होता. मी म्हणालो, थांबा. माझ्या मुलीने बायोस उघडून पाहिले, तर ती सोय मशीनमध्ये होतीच, फक्त बंद ठेवलेली होती. इंटेलच्या मशीनमध्ये तिला पीटीटी आणि एएमडीच्या मशीनमध्ये एफ-टीपीएम असे नाव असते. ती सुरू केली. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर विंडोज ११ बसले, पैसा न लागता.

काही दुकानांत अपात्र मशीनवरही युक्तीने विंडोज ११ टाकून देतात. ते चालते, पण त्यावर पुढच्या दुरुस्त्या मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर व्यापाराचा हिशेब आहे, त्यावर असा जुगार खेळू नये.

संथपणावरचा इलाज

मशीन अटीत बसते, पण संथ आहे, अशी स्थिती असेल तर नवे घेण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी, आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करावी. मी २०१६ मध्ये घेतलेल्या सहाव्या पिढीच्या मशीनला २०२० मध्ये हे दोन्ही केले. तीन मिनिटांत उघडणारे मशीन वीस-पंचवीस सेकंदांत उघडू लागले आणि आणखी पाच वर्षे गेली. शिवाय आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा लक्षात ठेवून वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्यावेत, आणि यूपीएसशिवाय मशीन लावूच नये. वीज अचानक जाण्याने हिशेबाची फाइल बिघडते.

पण एसएसडी टाकल्याने पिढी बदलत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माझे मशीन कामाला चोख होते, तरी सहाव्या पिढीचे असल्याने विंडोज ११ ला अपात्र ठरले. येथे मी १९९९ सारखी घाई केली नाही आणि २०१६ सारखा झोपलोही नाही. दिवाळी तोंडावर होती, म्हणून एक वर्षाची वाढीव मुदत घेतली. दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरमध्ये, एका कार्यालयातून निघालेले आठव्या पिढीचे वापरलेले मशीन पाहून, तपासून घेतले. माझी २०२० ची रॅमची पट्टी डीडीआर-४ जातीची होती आणि या मशीनची जातही तीच, म्हणून ती त्यात चालली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढत होते, कारण कारखान्यांचा माल एआयच्या मोठमोठ्या केंद्रांकडे वळला होता. जात जुळल्यामुळे माझा तो खर्च वाचला.

हे मशीन अटीत बसणाऱ्यांपैकी सर्वांत जुन्या पिढीचे आहे, हे मी जाणतो. चार वर्षे चालले तर माझे पैसे वसूल झाले, असे धरूनच मी भाव केला. खरेदीचा हिशेब असाच करावा: एकूण खर्चाला राहिलेल्या वर्षांनी भागावे. ३२ हजारांचे मशीन आठ वर्षे चालले तर वर्षाला ४ हजार. १२ हजारांचे मशीन दोनच वर्षे चालले तर वर्षाला ६ हजार. स्वस्त ते महाग पडते ते असे. हप्त्यावर घेणार असाल तर व्याज आणि फाइल चार्ज धरूनच एकूण खर्च मांडावा. शक्यतो रोखीनेच घ्यावे.

बदलाचा दिवस

मशीन बदलण्याचा दिवस कधीही हंगामात ठेवू नये. रमजान ईदच्या आधीचे पंधरा दिवस, दिवाळी, लग्नसराई आणि ३१ मार्च हे टाळावेत. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवसही सोडावेत. नवे मशीन आणल्यावर जुने महिनाभर तसेच ठेवावे. टॅलीची फाइल, प्रिंटर, बारकोड, मराठी-उर्दू टंकलेखन हे सर्व नव्यावर चालले याची खात्री करावी. लग्नपत्रिका आणि दावतनामे छापणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. जुन्या छपाईच्या सॉफ्टवेअरचे कुलूप कित्येकदा प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागत असे, आणि ते पोर्ट नव्या मशीनवर बहुधा नसते. अशा एखाद्या कामासाठी जुने मशीन इंटरनेट न जोडता बाजूला चालू ठेवणे हाही शहाणपणाच आहे.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढ्या काळात मशीन एकदा तरी बदलण्याची शक्यता असते. म्हणून बॅकअप दोन ठिकाणी ठेवावा: एक वेगळ्या डिस्कवर घरी, दुसरा दुकानात किंवा विश्वासू नातेवाइकाकडे. जुने मशीन भंगारवाल्याला देताना त्यातील डिस्क काढून घ्यावी. आपल्या गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल नंबर आणि उधारी त्यात असते. ती आपल्याकडे अमानत आहे.

थोडक्यात, कॉम्प्युटर बदलण्याआधी चार प्रश्न विचारावेत. माझे रोजचे काम अडते का? दुरुस्तीची तारीख संपली का? याच जातीचा भाग मिळतो का? आणि इलाजाचा खर्च उरलेल्या वर्षांत निघतो का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल तर दुकानदाराला सलाम करून घरी यावे. दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर पुढचे दोन पाहून मशीन सुधारायचे की बदलायचे ते ठरवावे, आणि मग हंगाम संपण्यापलीकडे थांबू नये. उत्तर काहीही येवो, आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत त्या मशीनच्या बाहेर जरूर काढून ठेवावी.